तार आली, वाचणार कोण?

आज आपण तारेविषयी बोलू. कपडे वाळत घालायची नव्हे, पोस्टातली तार. आपल्यातल्या वयस्क बायांच्या पोटात हा शब्द ऐकला तरी गोळा येतो. तार आली म्हणजे कुणीतरी गेलं, असंच घरोघरी धरून चालत. कागद उघडायच्या आधीच रडारड सुरू व्हायची, आणि मग कळायचं, मुलाला नोकरी लागलीय!

आपल्या देशात तारेची पहिली लाइन १८५० साली टाकली, कलकत्ता ते डायमंड हार्बर. ती टाकणारे विल्यम ओशॉनेसी खरे तर डॉक्टर. पाच वर्षांच्या आत मुंबई जोडली गेली आणि पैसे भरून कुणालाही तार करता येऊ लागली. इंग्रजांना मात्र ती हवी होती हुकूम आणि फौजा झटपट हलवायला. १८५७ च्या उठावात तिचा त्यांना मोठा उपयोग झाला. आपल्या उंबऱ्यापर्यंत यायला तिला पुष्कळ वर्षं लागली.

इकडे बाबू बटण दाबून कट्ट-कडकट्ट करायचा, तिकडचा बाबू ते ऐकून अक्षरं लिहून घ्यायचा. पैसे शब्दांवर. त्यामुळे ‘आई आजारी, लगेच ये’ एवढ्यातच सगळं बसवायचं. दिवाळीच्या, लग्नाच्या शुभेच्छांना तर ठरलेले नंबर होते. नंबर सांगितला की तयार वाक्य पोचायचं.

पण बहुतेक तारा इंग्रजीत. बाई तो कागद घेऊन गुरुजींकडे धावायची. म्हणजे तिच्या नवऱ्याची, तिच्या लेकाची खबर आधी गुरुजींना, मग पारावरच्या चार माणसांना, आणि शेवटी तिला. तारेच्या इतिहासात हे कुणी लिहीत नाही. आम्हाला मात्र तेच आधी सांगावंसं वाटतं.

तरी तारेचा एक गुण होता. ती कागदावर असायची, तारीख-वेळेसकट. फौजेतल्या जवानाला रजा मागताना घरची तार दाखवता यायची. कोर्टातही ती पुरावा म्हणून चालायची. तोंडी निरोपाला ते वजन नाही.

पुढे एसटीडीचे पिवळे बूथ आले, मग मोबाइल. १४ जुलै २०१३ ला शेवटच्या तारा घेतल्या गेल्या. आठवण म्हणून तार करायला त्या दिवशी शहरांत रांगा लागल्या होत्या.

आता निरोप मराठीत येतो, वाचता येत नसेल तर बोलूनही पाठवता येतो. गुरुजींकडे जायला नको. पण कितीतरी घरांत फोन एकच, आणि तो घरधन्याच्या खिशात. मग बाईची खबर आधी कुणाला कळते, ते तुम्हीच बघा.

कुणाच्या ट्रंकेत जुनी तार असेल तर गटाच्या पुढच्या बैठकीला जरूर आणा. कुणी पाठवली होती, कुणी वाचून दाखवली होती, तेही सांगा. आपण ते रेकॉर्ड करू.