दिलीप चित्रे आणि दोन भाषांचं घर

माझ्या चुलत भावाच्या बारावीच्या इंग्रजी पुस्तकात ‘फादर रिटर्निंग होम’ नावाची कविता आहे. बाप रात्री उशिरा लोकलने घरी येतो, शिळंपाकं खातो, मुलं त्याच्याशी बोलत नाहीत, रेडिओची खरखर ऐकत तो झोपी जातो. एवढीच गोष्ट. भावाला परीक्षेसाठी ती समजावून सांगत होतो, तेव्हा बाबा बाजूलाच बसले होते. वसईतल्या होळीतून स्टेशन गाठून तीस वर्षं मुंबईला गेलेला माणूस. मी मराठीत सांगितलेलं ऐकून म्हणाले, “उभा राहून आला असेल. बसायला मिळालं असतं तर गाडीतच झोपला असता.”

कवीबद्दल बाबांना काही ठाऊक नव्हतं. खरं तर मलाही फारसं नव्हतं. दिलीप चित्रे मराठी कवी, एवढं कानावर होतं. मग ही कविता इंग्रजीत का? आधी वाटलं, भाषांतर असेल. पण तसं नव्हतं. ती १९८० साली आलेल्या ‘ट्रॅव्हलिंग इन अ केज’ या त्यांच्या इंग्रजी संग्रहातली आहे. तिथून मी त्यांच्या मागे लागलो.

चित्र्यांचा जन्म १७ सप्टेंबर १९३८चा, बडोद्याचा. वडील पुरुषोत्तम आत्माराम चित्रे बडोद्याहून ‘अभिरुचि’ हे मासिक चालवत. मर्ढेकरांच्या कविता त्यात छापून आल्या. म्हणजे ज्या कवितेने मराठी वाचक गोंधळला, चिडला, तिचं येणं-जाणं या मुलाच्या घरातच होतं. पुढे कुटुंब मुंबईला आलं. पन्नाशीच्या दशकात चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक काढलं. १९६० साली ‘कविता’ हा पहिला संग्रह आला आणि त्याच सुमारास ते इथिओपियात इंग्रजी शिकवायला गेले. १९७५ ते ७७ अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखक कार्यक्रमात होते. अमेरिकन कवी पॉल एंगल आणि ह्वालिंग न्ये यांनी तो १९६७ साली सुरू केला होता.

त्याच १९६७ साली चित्र्यांनी संपादित केलेलं एक पुस्तक इंग्रजीत आलं : १९४५ ते ६५ या काळातल्या मराठी कवितेचं संकलन. मला त्यांच्यातला समीक्षक इथे दिसतो. निवड हीसुद्धा समीक्षाच असते. कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, आणि परक्या वाचकाला ते कसं पटवायचं, हे ठरवावं लागतं. तेव्हा ते तिशीच्याही आत होते, म्हणजे आज माझं आहे तेवढंच वय.

पण खरी कसोटी तुकारामांची. अठराव्या वर्षी हाती घेतलेलं ते भाषांतर ‘सेज तुका’ म्हणून १९९१ साली प्रसिद्ध झालं. पस्तीस वर्षं! आमच्या धंद्यात दोन वर्षांचं काम जुनं मानतात. इतकी वर्षं का लागावीत? अभंगाचं यमक आणि चरण इंग्रजीत ओढून आणले तर बडबडगीत होतं. ते सोडून दिले तर तुकाराम जातो, अशी भीती. चित्र्यांनी यमक सोडलं आणि बोलण्याची लय धरली : विठोबाशी भांडणारा, स्वतःवर चिडणारा माणूस. मराठीत तुकारामांचं स्थान इंग्रजीतल्या शेक्सपिअरइतकं मोठं आहे, हे त्यांना नुसतं सांगायचं नव्हतं, ऐकवायचं होतं. ‘पुन्हा तुकाराम’ या मराठी पुस्तकात त्यांनी हेच काम आपल्या लोकांसाठी केलं. आपल्याला तुकाराम पाठ असतो, म्हणून तो पुन्हा वाचावा लागतो.

१९९४ साली साहित्य अकादमीने त्यांना ‘एकूण कविता–१’साठी मराठीचा आणि ‘सेज तुका’साठी भाषांतराचा, असे दोन्ही पुरस्कार दिले. मला हा योगायोग वाटत नाही. दोन्ही कामं एकाच भट्टीतली होती. ‘अर्धसत्य’ सिनेमात ओम पुरी वाचतो ती कविताही त्यांचीच. १९८३चा ‘गोदाम’ हा सिनेमा त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला.

त्यानंतर ते भोपाळला भारत भवनात होते. डिसेंबर १९८४च्या वायुगळतीची झळ त्यांच्या एकुलत्या एका मुलाला बसली आणि २००३ साली तो गेला. मुलांनी न बोललेल्या बापाची कविता लिहिणाऱ्या माणसाला शेवटी मुलाशिवाय राहावं लागलं. तरीही काम थांबलं नाही. २००७ साली नामदेव ढसाळांच्या कवितांची त्यांची इंग्रजी भाषांतरं पुस्तकरूपात आली. १० डिसेंबर २००९ रोजी पुण्यात चित्रे गेले.

चित्र्यांची खरी भाषा कुठली, असा प्रश्न पूर्वी मलाही पडला असता. पण वसईत वाढलेल्याला तो विचित्र वाटायला हवा. आमच्या वर्गात सामवेदी बोलणारी मुलं होती, वाडवळी बोलणारी होती आणि पुस्तकातली मराठी सगळ्यांनाच थोडी परकी होती. याच पश्चिम किनाऱ्यावर, खाली गोव्यात, थॉमस स्टीफन्स या इंग्रजाने मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. ते १६१६ साली छापलं गेलं. चित्रे त्याच वाटेने उलट दिशेला गेले, एवढंच.

मी दिवसभर इंग्रजीत लिहितो आणि रात्री घरी येतो तेव्हा माझ्याकडे बाबांना सांगण्यासारखं मराठीत काही उरलेलं नसतं. दोष इंग्रजीचा आहे, असं मी मानत आलो होतो. चित्र्यांचं आयुष्य वाचल्यावर ती सबब टिकत नाही. ते दोन भाषांत राहिले आणि एकीतलं दुसरीत पोचवण्याचे कष्ट त्यांनी जन्मभर घेतले. माझ्याकडून राहिलं ते हे पोचवणं.

त्या रात्री बाबांनी विचारलं, “त्या बापाचं पुढे काय होतं?” मी म्हटलं, झोपेत त्याला पूर्वज आठवतात, नातवंडं दिसतात. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग तीस वर्षांच्या गाडीच्या गोष्टी सांगू लागले. मी पहिल्यांदाच पूर्ण ऐकल्या.