शब्दाचे पहिले अक्षर

इंग्रजीतला ‘फादर’ आणि आपला ‘पितृ’ हे एकाच घराण्यातले शब्द आहेत, असे पुष्कळ शिक्षक वर्गात सांगतात. ते खरे आहे. परंतु त्यापुढे एक पाऊल टाकून ‘फादर हा पितृचा अपभ्रंश’ असेही सांगून टाकतात, आणि तिथे गाडी रुळावरून घसरते. मग ज्याला जो शब्द सारखा वाटेल त्याचे नाते तो जुळवून मोकळा होतो. नाते खरे की खोटे हे पारखण्याचे एक साधे साधन शब्दाच्या पहिल्या अक्षरात आहे. आज त्याचाच थोडा विचार करू.

आधी घरचे उदाहरण घेऊ. आमच्या बागलाणात डाळिंबाच्या आणि कांद्याच्या खरेदीला उत्तरेकडचे व्यापारी येतात. आपण ‘वीस’ म्हणावे, त्याने ‘बीस’ म्हणावे. आपला वाघ त्याच्याकडे बाघ, आपला विंचू त्याचा बिच्छू, आपली वाळू त्याची बालू, आपली वाट त्याची बाट. एखाददुसरा शब्द असा निघाला असता तर योगायोग म्हटले असते. पण इथे रांगच लागली आहे. मराठीत आरंभी ‘व’, तिथे हिंदीत ‘ब’. म्हणजे हिंदी मराठीतून निघाली काय? मुळीच नाही. संस्कृतात विंशति, व्याघ्र, वृश्चिक, वालुका असे शब्द आहेत. जुना ‘व’ मराठीने राखला, हिंदीने बदलला. दोघी बहिणी. एकीने आईची नथ जशीच्या तशी ठेवली, दुसरीने मोडून नवी घडवली, इतकेच.

आता ‘बाजार’ घ्या. हिंदीत बाजार, मग मराठीत ‘वाजार’ का नाही? कारण हा शब्द फारसीतून मागाहून आला. वाघ-बाघाची वाटणी तेव्हा होऊन गेली होती. नियम न पाळणारा शब्द दिसला की तो पाहुणा असावा, अशी शंका घ्यावी. बहुधा ती खरी ठरते.

हेच गणित घेऊन इंग्रजीकडे आणि तिची सख्खी बहीण जर्मन हिच्याकडे जाऊ. संस्कृतात आरंभी ‘प’ असेल तिथे या दोघींकडे ‘फ’ येतो. पितृला इंग्रजीत फादर, जर्मनमध्ये फाटर. पादाला फूट आणि फूस. पंचाला फाइव्ह आणि फ्युन्फ. पूर्णाला फुल आणि फोल. मग इंग्रजीत ‘पॅटर्नल’, ‘पेडल’ हे शब्द ‘प’ने का सुरू होतात? हे आपल्या ‘बाजार’सारखे पाहुणे, लॅटिनकडून मागाहून आले. लॅटिनमध्ये मूळचा ‘प’ शाबूत होता. एकाच इंग्रजी भाषेत घरचा ‘फूट’ आणि पाहुणा ‘पेडल’ शेजारी शेजारी बसले आहेत, आणि दोघांचेही मूळ एकच, पाय!

या रांगेतला मला सर्वांत आवडणारा शब्द म्हणजे ‘पशु’. ‘प’ जाऊन ‘फ’ आला की जर्मनमध्ये शब्द होतो ‘फी’, आणि आजही जर्मन शेतकरी गुराढोरांना ‘फी’च म्हणतो. जुन्या इंग्रजीत याच शब्दाच्या भावाचे दोन अर्थ होते, गुरे आणि मालमत्ता. शाळेत भरतो ती ‘फी’ फ्रेंचमधून वळसा घालून इंग्रजीत आली असली, तरी तिचेही मूळ याच गोठ्यात मानतात. लॅटिनमध्येही गुरे म्हणजे ‘पेकुस’ आणि पैसा म्हणजे ‘पेकुनिया’. आपल्याकडे ‘गोधन’ म्हणतात, ज्याच्या दावणीला चार बैल तो घरचा बरा समजतात, तेच हे. मास्तर फी मागतात तेव्हा हजारो वर्षांपूर्वीची गुरेच मागत असतात म्हणा ना!

दुसरी रांग ‘द’ची. संस्कृत ‘द’च्या जागी इंग्रजीत ‘ट’ आणि जर्मनमध्ये ‘त्स’. दश, टेन, त्सेन. दंत, टूथ, त्सान. द्वि, टू, त्सवाय. इथे जर्मनने इंग्रजीच्याही पुढे एक पाऊल टाकले आहे.

तिसरी रांग आपल्या मुलांच्या डोकेदुखीची. ‘नी’ म्हणजे गुडघा आणि ‘नो’ म्हणजे जाणणे, या दोन्ही इंग्रजी शब्दांच्या आरंभी ‘के’ लिहायचा, पण उच्चारायचा नाही. मुले तो विसरतात आणि मार खातात. हा ‘के’ फुकटचा नाही. काही शतकांपूर्वीपर्यंत इंग्रज तो उच्चारीत. जर्मन अजूनही गुडघ्याला ‘क्नी’ म्हणतात. संस्कृतात गुडघा ‘जानु’ आणि जाणणे ‘ज्ञा’. आरंभी ‘ज’ आणि मागोमाग ‘न’. तिकडे ‘क’ आणि मागोमाग ‘न’. आमच्या ‘जाणणे’ या क्रियापदाचा ‘ज’ आणि इंग्रजीतला तो मुका ‘के’ हे एकमेकांचे चुलतभाऊ आहेत. एवढे एकदा सांगितले तर त्या ‘के’चा मुलांना तितका राग येणार नाही.

याच ‘के’वाल्यांत ‘नाइट’ हा सरदारवाचक शब्द आहे. जर्मनमध्ये त्याचा जुळा भाऊ ‘क्नेख्त’, म्हणजे चाकर, गडी. मूळ अर्थ पोरगा, हाताखालचा पोर. इंग्लंडमध्ये तो राजाचा शिपाई होऊन घोड्यावर चढला. जर्मनीत शेतावरच राहिला.

हे कोणी शोधून काढले? १७८६ च्या फेब्रुवारीत सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सांगितले की संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषांतले साम्य योगायोगाचे नाही; त्या एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता उरलेलाही नसेल. हे शेवटचे वाक्य आपण विसरतो. संस्कृत ही या भाषांची आई नव्हे, मोठी बहीण. तिचा मान याने कमी होत नाही. १८१८ मध्ये डेन्मार्कच्या रास्कने या अक्षरांच्या रांगा दाखवल्या आणि १८२२ मध्ये याकोब ग्रिमने त्यांचा नीट नियम बांधला. हा ग्रिम म्हणजे हिमगौरी आणि सात बुटक्यांची गोष्ट छापणाऱ्या दोन भावांपैकी थोरला. या भावांनी १८३८ मध्ये जर्मन भाषेचा महाकोश हाती घेतला. १८६३ मध्ये याकोब वारला तेव्हा ‘फ’ अक्षरातल्या ‘फ्रुख्त’, म्हणजे फळ, या शब्दावर काम चालू होते. कोश पुरा झाला तो १९६१ साली.

या विद्येचा आपल्या पुण्या-मुंबईशीही जवळचा संबंध आहे. मार्टिन हाउग १८५९ मध्ये, तर कीलहॉर्न १८६६ मध्ये पुण्यास संस्कृत शिकवण्यास आले. ब्यूलर १८६३ पासून मुंबईस होते. हे तिघेही जर्मन. आणि १८७७ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी मुंबईत विल्सन व्याख्याने दिली. त्यांत संस्कृतापासून आजच्या देशी भाषांपर्यंत अक्षरे कशी कशी बदलत आली, याचा हिशेब एका मराठी माणसाने मांडला.

आता कानाच्या फसवणुकीविषयी. ग्रीकमध्ये देवाला ‘थिओस’ म्हणतात. ऐकताच वाटते, हा तर आपला देव! पण संस्कृत ‘द’च्या जागी ग्रीकमध्ये ‘द’च येतो, तेव्हा हे नाते टिकत नाही. उलट ‘ट्यूझडे’ या वारात ज्या जुन्या दैवताचे नाव आहे, त्याचे मूळ मात्र ‘देव’ शब्दाच्याच कुळातले. ‘द’चा ‘ट’, दश आणि टेन यांच्याप्रमाणेच! ‘फळ’ आणि ‘फ्रूट’ यांचेही तसेच, दिसायला भाऊ, प्रत्यक्षात परके.

आणि नाते खरे असले तरी अर्थ एकच राहील असे नाही. इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे भेट, जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष. दोन्ही शब्द ‘देणे’ या क्रियेतूनच निघाले. जर्मनने ‘दिलेला औषधाचा घोट’ असा अर्थ घेतला आणि तो पुढे कडू झाला. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. सटाण्यात ज्यांची यात्रा भरते ते देवमामलेदार यशवंतराव महाराज. त्यांच्या नावातला ‘देव’ आपल्याला पूज्य. पण पारश्यांच्या जुन्या धर्मग्रंथांत हाच शब्द ‘दएव’ होऊन राक्षस या अर्थाने येतो. हाउगसाहेबांनी पुण्यात राहून याच ग्रंथांचा अभ्यास केला आणि १८६२ मध्ये त्यावरचे निबंध मुंबईत छापले.

आता पुन्हा आमच्या तालुक्यात येतो. इथल्या मुलाच्या तोंडी अहिराणी असते. तो डोळ्याला ‘डोया’ म्हणतो, काळ्याला ‘काया’, मळ्याला ‘मया’. वर्गात त्याला ‘अशुद्ध बोलतोस’ म्हणून गप्प बसवतात आणि मग वर्षभर तो तोंड उघडत नाही. इथे अक्षर मधले आहे, पहिले नव्हे. पण गोष्ट तीच. ‘ळ’च्या जागी ‘य’ रांगेने येतो, एखाद्याच शब्दात नव्हे. पितृचे फादर होण्याला ज्यांनी नियम म्हटले, त्यांच्या हिशेबी डोळ्याचे डोया होणे हाही नियमच. पोराची जीभ जड नाही, त्याच्या आजीची भाषा त्या वाटेने आली आहे. प्रमाण मराठी त्याला शिकवावीच लागेल, त्यात वाद नाही. पण फळ्यावर दोन रकाने काढावेत, एकात मराठी, एकात अहिराणी, आणि शब्द मुलांनाच घरून आणायला सांगावेत. आजीकडून आणलेले शब्द अधिक उपयोगी पडतात. वडिलांच्या बोलण्यात बाजाराची आणि कचेरीची भेसळ फार असते.