माणसांची क्ष-किरण झडती आणि मात्रेचे नियम

प्रारणाच्या वापरातून अपायापेक्षा हित अधिक साधले पाहिजे, हा आंतरराष्ट्रीय प्रारणसंरक्षण आयोगाच्या १९७७ च्या शिफारशींतील पहिला दंडक होय. रुग्णाच्या बाबतीत हे हित त्याच्याच पदरात पडते. सुरक्षेसाठी ज्याची क्ष-किरणांनी झडती होते त्याचे तसे नाही. मात्रा त्याला, लाभ समाजाला. अमेरिकेतील नियमांचा इतिहास या पेचाभोवती फिरतो.

तेथे सामान तपासणाऱ्या बंदिस्त क्ष-किरण यंत्रांना १९७४ पासून सक्तीचे केंद्रीय मानक आहे. अंगावरून मागे विखुरलेल्या क्ष-किरणांवरून चित्र उभे करणारी यंत्रे १९९० नंतरच्या दशकात आली. बंदिस्त यंत्राच्या व्याख्येत ती बसत नव्हती, कारण येथे माणूसच झोतात उभा राहतो. त्यांच्यासाठी २००२ मध्ये मानक निघाले खरे, पण ते ऐच्छिक. पेटीच्या यंत्राला सक्ती आणि प्रवाशाच्या यंत्राला विनंती, असा हा प्रकार होता. या मानकाच्या २००९ च्या आवृत्तीने सर्वसाधारण वापरासाठी एका तपासणीस ०.२५ मायक्रोसीव्हर्ट व एका ठिकाणाहून एका व्यक्तीस वर्षाला २५० मायक्रोसीव्हर्ट ही मर्यादा घातली. म्हणजे कमाल मात्रेच्या एक हजार तपासण्या झाल्या. उंचावरून जाणाऱ्या विमानात ०.२५ मायक्रोसीव्हर्ट मात्रा काही मिनिटांतच मिळते, हेही ध्यानी घ्यावे.

२५ डिसेंबर २००९ रोजी डेट्रॉइटकडे जाणाऱ्या विमानात स्फोटाचा प्रयत्न झाला आणि ही यंत्रे विमानतळांवर झपाट्याने बसविली गेली. एप्रिल २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चार शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला की, हे क्षीण किरण मुख्यतः त्वचेत व तिच्या लगतच्या ऊतकांत शोषले जातात. म्हणून सबंध देहावर सरासरी काढून जोखीम ठरविणे गैर आहे. त्वचेची मात्राही मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे, असे शासकीय उत्तर मिळाले. आमच्या मते आकडा लहान ठरल्याने वाद मिटत नव्हता. शास्त्रज्ञांना हवी होती ती उत्पादक व शासन यांच्यापासून अलिप्त अशी मोजणी.

युरोपीय संघाने वेगळी वाट धरली. नोव्हेंबर २०११ च्या नियमांनी विमानतळांवर आयनीकारक प्रारण न वापरणाऱ्या झडती-यंत्रांनाच मुभा दिली. मिलिमीटर-तरंगांचा पर्याय हाताशी असता अल्प मात्रेचेही समर्थन दुबळे पडते, हे उघड आहे.

अमेरिकेतील यंत्रेही मे २०१३ अखेर विमानतळांवरून हटली, पण कारण निराळे. प्रवाशाच्या नग्न आकृतीऐवजी ठोकळ बाह्यरेखा दाखविण्याची सक्ती २०१२ च्या कायद्याने केली होती. या यंत्रांना ते जमले नाही. वैद्यकीय भौतिकीविदांच्या अमेरिकी संघटनेचा स्वतंत्र मोजणीचा अहवाल आला तो जून २०१३ मध्ये. एका तपासणीची मात्रा त्यात सुमारे ०.०११ मायक्रोसीव्हर्ट भरली, म्हणजे मर्यादेच्या विसाव्या भागाहूनही कमी. काढलेल्या यंत्रांपैकी काही पुढे तुरुंगांत गेली. विमानप्रवाशाला यंत्र नाकारून हाताने झडती मागता येत असे. बंदिवानाच्या संमतीविषयी मात्रेचे मानक काहीच सांगत नाही.