महाराष्ट्र ओपन टेनिस स्पर्धा : पुरुष दुहेरी

महाराष्ट्र ओपन ही व्यावसायिक पुरुष टेनिसपटूंची एटीपी २५० दर्जाची स्पर्धा होती. ती २०१८ मध्ये चेन्नईहून पुण्यात आली आणि बालेवाडी येथील क्रीडा संकुलात हार्ड कोर्टवर भरू लागली.

दुहेरीत सोळा जोड्या उतरत; विजेतेपदासाठी चार सामने जिंकावे लागत. एटीपी दुहेरीच्या नियमानुसार ४०-४० अशी बरोबरी झाल्यावर पुढच्या एकाच गुणावर गेमचा निकाल लागतो. दोन्ही जोड्यांनी एकेक सेट जिंकल्यास तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक खेळवला जातो.

पुण्यात एकेरीचे विजेतेपद एकाही भारतीयाला मिळाले नाही. दुहेरीत मात्र ते दोनदा मिळाले. २०१९ मध्ये रोहन बोपण्णा व दिविज शरण यांनी अंतिम सामना ६-३, ६-४ असा जिंकला. २०२२ मध्ये बोपण्णा व रामकुमार रामनाथन यांनी पहिला सेट गमावूनही टायब्रेकमध्ये १०-६ अशी बाजी मारली.

भारतातील या एकमेव एटीपी टूर स्पर्धेत क्रमवारीत मागे असलेल्या भारतीय जोड्यांना वाइल्ड कार्डद्वारे मायदेशी मोठ्या खेळाडूंशी झुंजता येई. २०२३ नंतर ही स्पर्धा पुण्यात झाली नाही आणि ती संधीही गेली.