हक्का म्हणजे पाहुणा

शनिवारची रात्र. पुण्यातलं एक ‘पॅन-एशियन’ हॉटेल. आम्ही सहा जण आणि टेबलावर चिकटवलेला एक क्यूआर कोड. मोबाईलवर मेन्यू खाली खाली सरकवत होतो. मोमो, सुशी, थाय करी, खाऊ स्वे, रामेन, हक्का नूडल्स आणि अगदी तळाशी, जरा लाजतच बसलेलं व्हेज मंचुरियन. मी ते मागवलं तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, “अरे, हे काय अस्सल चायनीज आहे का? चीनमध्ये कुणाला माहीतसुद्धा नसतं.”

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या काकांनी वाढणाऱ्या मुलाला विचारलं, “तू चायनाचा का रे?” मुलगा हसला. “नाही सर, मणिपूर.” हे उत्तर त्याने त्या दिवशी पहिल्यांदा दिलं नसणार, हे त्याच्या हसण्यावरूनच कळत होतं.

अस्सल काय? बाहेरचा कोण? हे दोन प्रश्न वेगळे वाटतात. पण त्या मेन्यूचा इतिहास उघडला की दोन्ही एकमेकांत अडकलेले सापडतात.

बरणीतलं चीन

चीन आपल्या घरात गाडीवरच्या नूडल्सच्या किती तरी आधी आलंय. आजीची लोणच्याची बरणी चिनी मातीची. सकाळी उठून पितो त्या ‘चहा’चं नावही चिनी भाषेतून आलेलं. आणि मुंबई शहराचा मोठा हिस्सा चीनच्या व्यापारावर उभा राहिला, हे आपण फारसं बोलत नाही. कारण त्या व्यापारातला मुख्य माल होता अफू. माळव्यात पिकलेली अफू मुंबईच्या बंदरातून कँटनला जायची. त्या व्यापारातलं सर्वांत मोठं भारतीय नाव म्हणजे जमशेटजी जीजीभाई. जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कलामहाविद्यालय त्यांच्या नावाने आजही उभी आहेत.

1842 साली जमशेटजींना ‘सर’ ही पदवी मिळाली. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी पहिल्या अफू युद्धात हरलेल्या चीनने नानकिंगच्या तहावर सही केली आणि हाँगकाँग ब्रिटिशांच्या हाती गेलं. एका शहराच्या वैभवाचं आणि दुसऱ्या देशाच्या मानहानीचं वर्ष एकच.

पुढची काही दशकं दक्षिण चीनला वाईट गेली. बंडं, दुष्काळ, आणि ग्वांगडाँग प्रांतात जुने रहिवासी व हक्का लोक यांच्यात 1855 ते 1867 अशी बारा वर्षं चाललेली रक्तरंजित लढाई. माणसं जहाजात बसून मिळेल तिकडे निघाली. काही कॅलिफोर्नियाला, काही मलायाला, काही कलकत्त्याला, थोडी मुंबईला. मुंबईत ती गोदीच्या आसपास राहिली. माझगावला 1919 साली बांधलेलं ‘सी यप कून’ नावाचं चिनी देऊळ अजून आहे. डॉकयार्ड रोड स्टेशनपासून चालत जाता येतं. एरवी शांत असतं, चिनी नववर्षाला तिथे दिवे लागतात.

पाहुणे

‘हक्का’ या शब्दाचा अर्थ माहीत आहे? पाहुणे. शब्दशः ‘पाहुण्यांची घराणी’. हे लोक चीनच्या उत्तरेकडून शतकानुशतकं सरकत सरकत दक्षिणेला आले, म्हणून तिथल्या जुन्या रहिवाशांनी त्यांना हे नाव दिलं. म्हणजे स्वतःच्या देशातही ते पाहुणेच.

कलकत्त्यात चिनी माणसं अठराव्या शतकाच्या अखेरीपासून होती. तोंग आच्यू नावाच्या व्यापाऱ्याने हुगळीकाठी वॉरन हेस्टिंग्जच्या परवानगीने साखरेचा कारखाना काढला होता. त्या गावाचं नाव आजही अछिपूर. पुढे कामं वाटली गेली. कँटनचे लोक सुतारकामात, हुबेईचे दातांच्या डॉक्टरकीत, आणि हक्का चामड्यात. चामड्याचं काम हक्कांकडे का आलं? कारण आपल्याकडे चामड्याला हात लावणं वरच्या जातींना विटाळ वाटायचं. मोकळी राहिलेली जागा पाहुण्यांनी घेतली. शहराच्या पूर्वेला, तांगरा नावाच्या पाणथळ भागात त्यांच्या टॅनऱ्या उभ्या राहिल्या. टॅनरीतल्या कामगारांसाठी आणि घरच्यांसाठी शिजणारं जेवण हेच पुढे त्या वस्तीतल्या हॉटेलांचं बी ठरलं. भारतभरच्या मेन्यूवरचं ‘हक्का नूडल्स’ हे नाव या लोकांचं आहे.

1962

20 ऑक्टोबर 1962 ला भारत-चीन युद्ध सुरू झालं आणि महिन्याभरात थांबलं. भारतातल्या चिनी वंशाच्या लोकांसाठी मात्र ते त्यानंतर सुरू झालं. कायदे बदलले. आसाम, मेघालय, उत्तर बंगालमधून कुटुंबंच्या कुटुंबं उचलली गेली आणि रेल्वेने राजस्थानातल्या देवळी इथल्या छावणीत आणली गेली. सुमारे तीन हजार माणसं. त्यांत म्हातारे होते, बायका होत्या, शाळेत जाणारी मुलं होती. अनेक जण भारतातच जन्मलेले. कुणावर खटला चालला नाही. काहींना जहाजात घालून त्यांनी कधीही न पाहिलेल्या चीनला पाठवलं गेलं. काही जण 1967 पर्यंत अडकून राहिले. सुटून परत आलेल्यांपैकी कित्येकांची घरंदारं, दुकानं लिलावात गेली होती. छावणीबाहेर राहिलेल्यांनाही गावाबाहेर जायचं तर पोलिसांची परवानगी लागायची.

अनेकांनी देश सोडला. आज टोरांटोमध्ये कलकत्त्याच्या हक्कांची मोठी वस्ती आहे आणि तिथे ‘हक्का फूड’ म्हणून जे मिळतं ते आपलं सोया सॉस-हिरवी मिरचीवालं चायनीज! पाहुणे तिसऱ्यांदा निघाले आणि जाताना आपली चव बरोबर घेऊन गेले.

जे राहिले त्यांच्यापुढे पोटाचा प्रश्न होता. अशा वेळी हॉटेल हा धंदा बरा. चिनी चेहऱ्यावर संशय घेणारं गिऱ्हाईकही चिनी जेवणावर संशय घेत नव्हतं. आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे कलकत्त्याच्या टॅनऱ्या शहराबाहेर हलवायचा आदेश दिला, तेव्हा तांगऱ्यात चामड्याचा वास विरत गेला आणि लसणाचा उरला.

मुंबईचं मंचुरियन

आता माझ्या ताटातल्या मंचुरियनकडे येऊ. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येचा थंडगार भाग. या पदार्थाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. नेल्सन वाँग हे कलकत्त्यात जन्मलेले, चिनी वंशाचे आचारी. 1970च्या दशकात ते मुंबईत आले. चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात 1975 साली एका गिऱ्हाइकाने काहीतरी नवीन मागितलं, ही गोष्ट ते स्वतः सांगत. त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतली. इथवर आपल्या कुठल्याही भाजीची सुरुवात. पण गरम मसाल्याच्या जागी त्यांनी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअर लावून रस दाट केला आणि त्यात चिकनचे तळलेले गोळे सोडले. पुढे केम्प्स कॉर्नरला त्यांचं ‘चायना गार्डन’ गाजलं.

म्हणजे मंचुरियन चीनचं नाही हे खरं. पण ते खोटंही नाही. एका चिनी माणसाने, भारतात जन्मून, मुंबईकराच्या जिभेसाठी ते केलं. याहून अस्सल मुंबईचं काय असतं?

मग क्लबातला पदार्थ रस्त्यावर उतरला. लाल रंगवलेली गाडी, तिच्यावर वाकडातिकडा ड्रॅगन, दर गाडीवर वेगळ्या स्पेलिंगचं ‘चायनीज’. फुल गॅसवर कढई आणि कालथ्याचा तो खणखणाट. चिकनच्या जागी कोबी आला, गाजर आलं. नूडल्स तळून, वर कांदा-कोबी आणि लाल चटणी टाकून चायनीज भेळ झाली. भात, नूडल्स आणि ग्रेव्ही एकाच ताटलीत आली, ती ट्रिपल शेजवान. कॉलेजच्या पोरांना कमी पैशांत पोटभर आणि ‘बाहेरचं’ खाल्ल्याचं समाधान मिळालं.

शेजवान आणि तिरफळ

शेजवान म्हणजे सिच्वान, चीनचा नैर्ऋत्येकडचा प्रांत. तिथल्या जेवणाची खूण नुसता तिखटपणा नाही, तर जीभ बधिर करणारी झिणझिण. ती ‘ह्वाज्याव’ नावाच्या दाण्यातून येते. आपल्या शेजवान चटणीत तो दाणा नसतोच. आपण सुकी लाल मिरची, लसूण, तेल आणि व्हिनेगरवर भागवलं.

गंमत अशी, की त्या दाण्याचं सख्खं भावंड कोकणात आणि गोव्यात आहे. बांगड्याच्या आमटीत घालतात ते तिरफळ. वनस्पतिशास्त्रात दोघांची प्रजाती एकच, झँथोझायलम. तीच झिणझिण, तोच लिंबासारखा वास. म्हणजे जी चव आणायला आपण सिच्वानला जाऊ म्हणतो, ती मालवणच्या आजीच्या डब्यात होतीच. आणि दोन्हीकडच्या तिखटाचा आधार असलेली मिरची मात्र ना चीनची ना कोकणची. ती अमेरिका खंडातून आली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमुळे गोव्यात उतरली, सिच्वानच्या स्वयंपाकात त्यानंतर बऱ्याच काळाने रुळली. अस्सलपणाचा धागा ओढायला गेलं की असा हातात येतो.

मेन्यूतले बाकीचे

मेन्यूवरचं खाऊ स्वे बर्मी. नारळाच्या दुधातल्या नूडल्स, वर तळलेला लसूण, लिंबू, दाण्याचा कूट. ते आपल्याकडे आणलं बर्माहून परतलेल्या भारतीयांनी. 1942 मध्ये जपानी सैन्य आल्यावर लाखो जण पायी निघाले. मार्च 1962 मध्ये ने विन यांच्या लष्कराने सत्ता घेतली, पुढे दुकानं-धंदे सरकारजमा झाले आणि उरलेल्यांतलेही बरेचसे परतले. वर्ष पाहा. ज्या 1962 ने रंगूनच्या भारतीयाला परका ठरवलं, त्याच 1962 ने शिलाँगच्या चिन्याला. दोघांच्या पाककृती आज एका मेन्यूवर शेजारी शेजारी आहेत.

मोमोही तसेच. 1959 मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी. त्यांतली एक वसाहत आपल्या महाराष्ट्रात, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला आहे. थंडीत शहरात स्वेटर विकायला येणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. मोमो त्यांच्या घरचे.

सुशी आणि कोरियन रामेन आले ते मात्र मोठ्या हॉटेलांतून, मॉलमधून, सिरियल्समधून. त्यांना कुणी हाकलून दिलेलं नव्हतं. म्हणूनच कदाचित त्यांच्या अस्सलपणाची चर्चा आपण इतक्या आरामात करू शकतो.

2020 मध्ये गलवानच्या चकमकीनंतर एका केंद्रीय मंत्र्यांनी चायनीज पदार्थ विकणाऱ्या हॉटेलांवर बंदी घाला असं म्हटलं होतं. आपण त्यावर मीम केली, हसलो आणि विसरलो. पण त्याच वर्षी ईशान्येकडच्या मुलामुलींना आपल्याच शहरांत ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या, घरं सोडायला सांगितलं गेलं. ते विसरायची सोय त्यांना नव्हती. मंचुरियन आपलं झालं पन्नास वर्षांत. चेहरा मात्र अजून ‘बाहेरचा’.

बिल आलं. काका निघून गेले होते. मी त्या मुलाला विचारलं, “दादा, तुमच्या घरी काय करतात?” त्याने इरोंबाचं नाव घेतलं, उकडलेल्या भाज्या, मिरची आणि आंबवलेली सुकी मासळी कुटून केलेला पदार्थ. “इथे नाही मिळत,” तो म्हणाला. “इथे लोक चायनीज मागतात.”