तांबड्या नदीतील जंतू

मोरचूद आपल्या परिचयाचे आहे. द्राक्षांच्या मळ्यांत चुन्याबरोबर कालवून ते फवारतात, ते बुरशी मारण्यासाठी. तांबे हे सूक्ष्मजीवांचे विष होय, ही समजूत म्हणूनच आपल्या मनात पक्की असते. आता स्पेनच्या नैर्ऋत्येची रिओ तिंतो नदी पाहू. सुमारे 100 किलोमीटर लांबीची ही नदी तांबडीलाल वाहते. तिचे पीएच माप अडीचच्या आतबाहेर, आणि पाण्यात लोहाबरोबर तांबे व जस्त विरघळलेले. तिच्या काठच्या खाणी रोमन लोकांनी खणल्या. 1873 साली त्या एका ब्रिटिश कंपनीने विकत घेतल्या. खाणीचे पाणी भंगार लोखंडावरून सोडले की लोखंडावर तांबे बसते, ही युक्ती खाणकामगारांना जुनीच होती. मात्र ते तांबे पाण्यात उतरवणारा कारागीर कोण, याचा पत्ता कोणालाच नव्हता.

तो लागला अमेरिकेत, आणि तोही कोळशाच्या खाणीत. खाणीतून झिरपणाऱ्या आम्ल पाण्याने तिकडचे ओढे नासत होते. 1947 साली कोल्मर व हिंकल यांनी दाखवले की, जंतू काढून टाकले असता त्या पाण्यातील हिराकशी लोह जसेच्या तसे राहते. जंतू असले म्हणजे ते झपाट्याने गंजासारखे तांबूस होते. 1951 साली टेंपल व कोल्मर यांनी त्या जंतूला नाव दिले. पुढे 1970 साली सिंगर व श्टुम यांनी मोजले, तेव्हा हा वेग 10 लक्षांहून अधिक पटींनी वाढतो असे निघाले!

मग प्रश्न आला की, हा प्राणी किती धातू सोसतो? येथे नेहमीची प्रयोगशाळा फसवी ठरते. मांसरसाच्या पोषक द्रवात तांबे घातले, तर त्यातील बरेचसे प्रथिनांना चिकटते, काही फॉस्फेटबरोबर तळाशी बसते. तराजूत तोललेले विष एक, आणि जंतूच्या वाट्याला आलेले दुसरेच. आम्ल पाण्यात तसे होत नाही. धातू विरघळलेलाच राहतो. परंतु आम्लाचे कणही जंतूच्या कवचावर धातूशी जागेसाठी झगडतात, म्हणून विष वाढले की घटले हे नुसत्या तर्काने ठरत नाही. शिवाय साधे जंतू आम्लानेच मरतात; त्यांचा बळी धातूने घेतला असे म्हणणे हा अन्यायच! यास्तव शेजारी बिनधातूचे, तितकेच आम्ल असलेले पात्र ठेवावेच लागते. या जंतूपुरती सोय अशी की, त्याची वसाहत मोजत बसण्याचे कारण नाही. लोह किती पालटले ते पाहिले की पुरे. अशा कसोटीत तो लिटरमागे काही ग्रॅम तांबे वा जस्त सोसतो, आणि मात्रा हळूहळू वाढवली तर आणखीही. पारा व चांदी मात्र सामान्यतः त्याला अल्प मात्रेतही मारक ठरतात.

1958 साली अमेरिकेत या जंतूकडून तांबे काढून घेण्याच्या रीतीचे पेटंट दिले गेले. त्याच्या उलट कामाचे जंतू बायेरिंक यांनी हॉलंडमध्ये 1895 सालीच वर्णिले होते. ते सल्फेटापासून गंधकाचा सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू करतात. त्या वायूने धातू साका होऊन खाली बसतो, म्हणजे जंतू आपल्यावरचे विष आपणच उपसतात. त्यांच्या कसोटीत पहिल्या दिवसाचा आकडा चौथ्या दिवशी खरा राहत नाही. हॉलंडमधील बुडेल येथे जस्ताच्या कारखान्याचे दूषित भूजल 1992 पासून याच जंतूंकडे सोपवण्यात आले.