जामखेडचा आठवडी वर्ग : वैद्यकीय देखरेखीचा एक वेगळा इतिहास

१/ रात्रीच्या वेळी रुग्णाच्या खाटेशेजारी बहुधा निवासी डॉक्टर असतो. वरिष्ठ घरी असतात. शंका आल्यास त्यांना उठवावे की नाही, या निर्णयावर कधी कधी रुग्णाचा जीव अवलंबून असतो. या पेचाचे एक उत्तर अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडला सापडते. त्याविषयी हा थ्रेड. 🧵

२/ आधुनिक ‘रेसिडेन्सी’ घडली ती अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. १८८९ मध्ये ते सुरू झाले. विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉल्स्टेड यांनी पदवीधरांना रुग्णालयातच राहून शिकण्याची शिस्त लावली. म्हणून ते ‘निवासी’. हॉल्स्टेड यांची रचना पिरॅमिडसारखी होती. वर जाताना बहुतेक जण गळत. ज्याचे भवितव्य वरिष्ठाच्या मर्जीवर, तो शंका सहसा मनातच ठेवतो.

३/ डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल, दोघेही वेल्लोरचे पदवीधर. नेवासा तालुक्यातील वडाळा मिशन रुग्णालयात काम केल्यावर त्यांनी अमेरिकेत क्लीव्हलँडला निवासी प्रशिक्षण घेतले आणि त्याच जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदवी मिळवली. ही उतरंड त्यांनी आतून पाहिली होती.

४/ १९७० मध्ये ते जामखेडला आले. प्रथम त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांना गावांत ठेवून पाहिले. गावाने त्यांना आपले मानले नाही. मग गावानेच निवडलेल्या स्त्रिया पुढे आल्या. बहुतेक निरक्षर, अनेक दलित.

५/ त्यांचे प्रशिक्षण एकदाच उरकले गेले नाही. दर आठवड्याला त्या जामखेडला जमत, जातीभेद बाजूला ठेवून एकत्र जेवत आणि मुक्काम करीत. वर्गाची सुरुवात डॉक्टरांच्या व्याख्यानाने नव्हे, तर त्यांच्या अनुभवांनी होई : कोणते बाळ दगावले, कोणती बाळंतीण अडली, काय जमले नाही. अपयश सांगणे हा तेथे गुन्हा नव्हता, तो अभ्यासक्रम होता.

६/ देखरेखही उलट दिशेने चाले. फिरते पथक गावात येई ते चूक पकडण्यासाठी नव्हे. तिच्या आवाक्याबाहेरचा रुग्ण पथक पाही, आणि उपचार तिच्यासमोर होत. त्यामुळे गावात तिचा मान वाढे आणि पुढच्या वेळी मदत मागताना संकोच उरत नसे.

७/ प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा तिशीच्या आत आला. पाणी, पोषण आणि लसीकरण यांचाही त्यात मोठा वाटा होता. मात्र ही कामे घरोघर पोहोचली ती याच स्त्रियांमुळे. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

८/ २०२० मध्ये आलेल्या तरतुदीनुसार पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात किंवा जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करावे लागते. ओळखीचे वरिष्ठ तेथे नसतात, म्हणून जुना पेच अधिक तीव्र होतो. ‘मला हे जमत नाही’ असे म्हणणाऱ्याचा मान राखला जातो का, हाच देखरेखीचा खरा निकष. जामखेडच्या निरक्षर स्त्रियांना ते म्हणता येत होते.

#इतिहास #जामखेड #अहिल्यानगर